ऑपरेशनची तारीख ठरली होती : गुदद्वाराच्या कर्करोगातील एका उपचार-निर्णयाचा अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्ण ५४ वर्षांची बाई. घरी कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. नवरा, मुलगा, सून, दोन नातवंडं. गाव त्यांना मावशी म्हणतं, म्हणून इथेही मावशीच म्हणतो. मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो आणि या घराशी माझा जुना संबंध आहे.

सुरुवात शौचाच्या वेळी रक्त जाण्यापासून झाली. मावशींनी ते कुणाला सांगितलं नाही. पुढे दुखायला लागलं, बाहेर काहीतरी कोंबासारखं हाताला लागायला लागलं, तेव्हा त्यांनी स्वतःच ठरवलं की ही मूळव्याध. मेडिकलमधून मलम आणलं. मग मूळव्याधीवर हमखास इलाजाची पाटी लावलेल्या एका दवाखान्यातून पुड्या आणल्या. सात-आठ महिने असेच गेले. या काळात एकदाही कुणी तपासून पाहिलं नाही. पुरुष डॉक्टरने पाहायला मागितलं असतं तर मावशींनी पाहू दिलं नसतं, हेही खरं आहे.

कपड्यांवरचे डाग सुनेच्या लक्षात आले. तिने आशाताईंना सांगितलं आणि दोघी मिळून मावशींना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथल्या महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पडदा ओढून, सुनेला जवळ उभं करून, हातमोजा घालून बोटाने तपासणी केली. दोन मिनिटांत कळलं की ही मूळव्याध नाही. जखमेच्या कडा कडक आणि उचललेल्या होत्या, उजव्या जांघेत बोराएवढी गाठ होती. मूळव्याध म्हणून काहीही कापायचं नाही, फक्त छोटा तुकडा तपासायला घ्यायचा, असं स्पष्ट लिहून त्यांनी मावशींना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. या प्रकरणातला हा पहिला योग्य निर्णय, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

अडचण

बायोप्सीत कर्करोग निघाला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात सांगण्यात आलं, की गुदद्वार आणि गुदाशय दोन्ही काढावे लागतील, शौचाची वाट कायमची पोटावर काढावी लागेल, तिथे पिशवी लावावी लागेल. आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली, अनामत रक्कमही सांगितली गेली. अमरावतीच्या मामांचं म्हणणं होतं की कॅन्सर आहे तर लवकर कापून टाकलेला बरा. मावशींनी मात्र साफ नकार दिला. "पोटावर पिशवी घेऊन मी वावरात कशी जाऊ? त्यापरीस मले असंच राहू द्या," हे त्यांचं वाक्य.

मुलगा संध्याकाळी फाइल घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, मायले समजावून सांगा. ऑपरेशनले हो म्हणत नाई."

म्हणजे मावशींची समजूत घालण्यासाठी मला बोलावलं होतं. पण फाइल वाचल्यावर त्याआधीचा एक प्रश्न समोर आला : हा आजार आधी ऑपरेशन करण्याचा आहे का? कार्डावर निदान गुदाशयाचा कर्करोग असं होतं. बायोप्सीच्या अहवालात मात्र स्क्वॅमस सेल कार्सिनोमा लिहिलेलं होतं आणि तुकडा गुदद्वाराच्या नळीतून घेतल्याची नोंद होती.

हा फरक कागदापुरता नाही. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. तिथला कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथींच्या पेशींचा, म्हणजे अॅडिनोकार्सिनोमा असतो आणि त्यात शस्त्रक्रियेला मोठं स्थान आहे. गाठ अगदी खाली असेल तर कायमची पिशवीही लागू शकते. गुदद्वाराची नळी त्याच्या खाली, जेमतेम तीन-चार सेंटिमीटरची. तिचं खालचं अस्तर कातडीच्या जातीचं असतं आणि तिथल्या स्क्वॅमस पेशींचा कर्करोग किरणोपचार व केमोथेरपी एकत्र दिल्यावर बहुतेक वेळा वितळतो. शरीरात दोन्ही जागा बोटभर अंतरावर आहेत, पण उपचाराची सुरुवात वेगवेगळ्या टोकांपासून होते. त्या सर्जनांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. गुदाशयाचे रुग्ण त्यांच्याकडे नेहमी येतात, गुदद्वाराचा कर्करोग दुर्मीळ. नेमकं म्हणूनच, दुर्मीळ आजारात पहिल्या तारखेला हो म्हणण्याआधी थांबायला हवं.

समोरचे पर्याय

त्याच आठवड्यात नागपूरच्या कर्करोगतज्ज्ञांशी फोनवर बोललो. त्यांनी एकच सांगितलं : ऑपरेशन थांबवा, स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या. बायोप्सीचा काचेवरचा नमुना आणि मेणातला ठोकळा रुग्णाला मागून घेता येतो, हे घरच्यांना ठाऊक नव्हतं. मुलाने ते आणले आणि दुसऱ्या प्रयोगशाळेनेही तेच निदान दिलं.

मग मी घरी जाऊन सगळ्यांना एकत्र बसवलं. मावशींसह. आजवर सगळ्या चर्चा त्यांना खोलीबाहेर ठेवून झाल्या होत्या.

पहिला पर्याय, आधी ऑपरेशन. १९७४ च्या आधी जगभर हाच मुख्य इलाज होता. त्या वर्षी अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे सर्जन नॉर्मन नायग्रो यांनी तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ऑपरेशन सोपं व्हावं म्हणून त्यांनी आधी मध्यम मात्रेचे किरण आणि दोन औषधं दिली होती, फ्लुरोयुरॅसिल आणि मायटोमायसिन किंवा त्याच्याच जातीचं दुसरं औषध. दोघांचं ऑपरेशन झालं, तर काढलेल्या भागात कर्करोग सापडलाच नाही. तिसऱ्या रुग्णाने ऑपरेशनला नकार दिला, आणि तो रुग्णही बरा राहिला. तिथून उपचाराचा क्रमच बदलला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण मामांच्या मनात "कापत नाहीत म्हणजे हात टेकले" हे पक्कं बसलं होतं. ऑपरेशन आजही आहे, पण किरण-केमोनंतर रोग उरला किंवा परत आला तर.

दुसरा, नुसते किरण. केमो मावशींना झेपणार नाही या भीतीने घरच्यांना हा पर्याय बरा वाटत होता. पण ब्रिटनमध्ये ५८५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९६ साली आले. नुसत्या किरणांपेक्षा किरण आणि केमो एकत्र दिल्यावर त्याच जागी रोग उरण्याचं किंवा परतण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटलं होतं. मावशींचं हृदय, मूत्रपिंडं, रक्त, सगळं ठीक होतं. केमो वगळायला कारण नव्हतं.

तिसरा, तेवढीच गाठ काढणं. हे गुदद्वाराच्या काठावरच्या, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि न पसरलेल्या गाठीपुरतं. मावशींची गाठ त्यात बसत नव्हती.

चौथा पर्याय कुणी बोललं नाही, पण घरात होता : काहीच न करणं, किंवा झाडपाला. मी एवढंच म्हणालो, की ही गाठ थांबणार नाही. ती वाट अडवेल, दुखणं वाढवेल, आणि आज टाळता येणारी पोटावरची पिशवी तेव्हा घाईत लावावी लागेल. मावशींनी विचारलं, "म्हणजे पिशवी न लावता इलाज हाय?" त्यांना असं कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. त्यांचा नकार इलाजाला नव्हता, पिशवीला होता.

तपासण्या आणि एक नाजूक प्रश्न

एमआरआयमध्ये गाठ साडेतीन सेंटिमीटरची दिसली. जांघेतल्या गाठीतून सुईने घेतलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या. छाती-पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये बाकी काही नव्हतं. म्हणजे तिसरा टप्पा. हे ऐकून नवऱ्याने विचारलं, आता पैसा घालण्यात अर्थ आहे का. या आजारात जांघेतल्या किंवा ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेला रोगही बरा करण्याच्या उद्देशानेच उपचार केले जातात, जांघा किरणांच्या क्षेत्रात घेतल्या जातात, हे त्यांना नीट सांगावं लागलं. टप्प्याचा आकडा नुसता सोडून दिला की घरातली माणसं त्याचा अर्थ स्वतःच लावतात.

नंतर एचआयव्हीची तपासणी सांगितली गेली. प्रतिकारशक्ती कमी असेल तर या कर्करोगाचा धोका वाढतो आणि उपचाराची आखणीही बदलू शकते, म्हणून ती करायचीच असते. त्याच वेळी अहवालात एचपीव्ही विषाणूचा उल्लेख आला. मुलाने फोनवर शोधलं, "लैंगिक संबंधातून" हे शब्द वाचले आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. सुनेने मला कळवलं.

मी नवरा-बायकोला एकत्र बोलावलं. जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण कित्येक घरांत हीच गाठ सुटत नाही. गुदद्वाराच्या दहापैकी सुमारे नऊ कर्करोगांच्या मुळाशी एचपीव्ही असतो, त्यातही बहुतेकदा १६ क्रमांकाचा प्रकार. संसार केलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतो आणि बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. थोड्यांच्या अंगात तो वर्षानुवर्षं राहतो आणि पुढे कर्करोग होऊ शकतो. तो कधी, कुणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. गुदद्वारात तो पोचायला गुदमैथुन व्हायलाच हवा असंही नाही. यावरून कुणाच्या वागण्याचा निवाडा करता येत नाही. नवरा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आता बोलण्यासारखं काही नाई. इलाज करू." एचआयव्हीची तपासणी ग्रामीण रुग्णालयात मोफत झाली आणि निगेटिव्ह आली. हाच विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगालाही कारण असतो, म्हणून तिथलीही तपासणी करून घेतली. तिथे काही नव्हतं.

कुठे आणि केव्हा

किरणोपचाराची सोय विदर्भात आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मामांना मुंबईच टाटाच हवं होतं. पण रोजच्या रोज, सोमवार ते शुक्रवार, सव्वापाच-साडेपाच आठवडे जायचं आहे. मुंबईत तेवढे दिवस राहणं या घराला झेपलं नसतं. उपचाराची पद्धत ठरलेली असताना आणि ती देणारं यंत्र जवळ असताना नागपूर बरं, हे सगळ्यांना पटलं. विचारायचा प्रश्न रुग्णालयाच्या नावापेक्षा वेगळा होता : किरण आयएमआरटी पद्धतीने देता का? त्यात किरणांची तीव्रता गाठीच्या आकारानुसार घडवता येते, आतडी, मूत्राशय आणि कातडी यांना तुलनेने कमी झळ लागते. या जागेसाठी हा फरक मोठा आहे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना वापरली. केशरी शिधापत्रिकेवरचं मावशींचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांनी मार्ग दाखवला, पण कागदात दिवस गेलेच.

सगळ्यात मोठी ओढाताण कापसाची होती. शेत पांढरं झालेलं, मजूर मिळत नव्हते आणि मावशी स्वतः वेचणाऱ्या. त्यांचं म्हणणं, पहिली वेचणी आटोपून जाऊ. तज्ज्ञ म्हणाले, योजनेची मंजुरी येईपर्यंतचा वेळ तुमचा, त्यापुढे एक आठवडाही नाही. जावेने आणि शेजारच्या दोन घरांनी वेचणी अंगावर घेतली. त्या माणसांच्या मदतीशिवाय हे उपचार वेळेत सुरू झाले नसते.

साडेपाच आठवडे

ठरलेली मात्रा ५०.४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), २८ भागांत. पहिल्या दिवशी मायटोमायसिनचं इंजेक्शन. दुसऱ्या औषधासाठी निवड होती : फ्लुरोयुरॅसिल चार-चार दिवस सलाइनमधून दोनदा, किंवा त्याच जातीच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, फक्त किरण असतील त्या दिवशी दोन वेळा. धर्मशाळेत राहणाऱ्या माणसाला नळी सांभाळणं कठीण, म्हणून गोळ्या घेतल्या. गोळ्यांत धोका वेगळा असतो, तो म्हणजे चुकीच्या दिवशी घेण्याचा. शनिवार-रविवारी गोळ्या नाहीत, हे सुनेने कॅलेंडरवर लाल फुल्या मारून ठेवलं. या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलू शकतात, हे वेचणाऱ्या बाईला आधीच सांगायला हवं, कारण घरी परतल्यावर हात आधी बोंडालाच लागणार. खर्रा, म्हणजे चघळायची तंबाखू-सुपारी, तीही तेव्हाच सोडवली. धूम्रपान या आजारात घातक, आणि केमोत तोंड आलेलं असताना तंबाखू तोंडात धरणं म्हणजे जखमेवर चुना.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्यात जांघेतली आणि मागची कातडी काळी पडून सोलायला लागली, जुलाब सुरू झाले. उकिडवं बसता येईना. प्लास्टिकची कमोड खुर्ची, कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा बसणं, सांगितलेलं मलम, सैल सुती कपडे, जुलाबाच्या गोळ्या आणि मीठ-साखरेचं पाणी. जेवणात ठेचा आणि तिखट बंद. मऊ वरण-भात आणि ताक.

चौथ्या आठवड्यात मावशी म्हणाल्या, घरी घेऊन चला, आठ दिवसांनी परत येऊ. हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण होता. किरणांमध्ये मोठा खंड पडला तर उरलेल्या पेशींना वाढायला वाव मिळतो आणि आधी सोसलेलं वाया जाऊ शकतं. मुलाने हो म्हणायची तयारी केली होती, आईचे हाल पाहवत नव्हते. रुग्णालयातल्या परिचारिकांनी दुखण्याचं औषध वाढवायला डॉक्टरांना सांगितलं, ड्रेसिंगची पद्धत बदलली. दोन रात्री झोप लागली आणि घरी जाण्याचा विषय मागे पडला. पांढऱ्या पेशी कमी झाल्या तेव्हा काही दिवस गोळ्या थांबवल्या, किरण मात्र चालू ठेवले. दुखणं सोसायला सांगून कुणी टिकत नाही. दुखणं कमी केलं तर माणूस टिकतो.

अकरावा आठवडा

उपचार सुरू झाल्यापासून अकराव्या आठवड्याच्या तपासणीत जांघेतली गाठ नाहीशी झाली होती, पण गुदद्वारापाशी छोटासा कडक भाग हाताला लागत होता. मामांनी पुन्हा फोन केला : उरलं आहे ना, मग आता तरी ऑपरेशन करा.

इथे घाई केली असती तर कदाचित गरज नसलेलं ऑपरेशन झालं असतं. ब्रिटनच्याच ९४० रुग्णांच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत दिसलं, की अकराव्या आठवड्यात रोग पूर्ण गेलेला नव्हता अशांपैकी ७२ टक्के रुग्णांत तो सव्विसाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण गेला. किरणांचं काम यंत्र बंद झाल्यावरही सुरू राहतं. म्हणून नियम असा ठरला : गाठ वाढताना दिसली तर लगेच बायोप्सी, कमी होत असेल तर थांबायचं. महिन्या-दीड महिन्याने त्याच तज्ज्ञांनी, त्याच बोटाने तपासायचं. वाट पाहण्याचे हे महिने मावशींना उपचारांपेक्षा जड गेले, असं त्या सांगतात.

परिणाम

सव्विसाव्या आठवड्यात तपासणीत आणि एमआरआयमध्ये रोग दिसला नाही. आज दीड वर्ष झालं, पिशवी नाही, रोग परतलेला नाही. पाच वर्षं तपासण्या सुरू राहतील, पहिल्या दोन-तीन वर्षांत जवळजवळच्या अंतराने, कारण परतायचा असेल तर तो बहुधा याच काळात परततो.

सगळं पूर्वीसारखं नाही. शौचाची भावना आली की थांबता येत नाही, त्यामुळे एसटीत लांबचा प्रवास मावशी टाळतात. वावरात जाताना पाण्याचा डबा आणि जास्तीचं लुगडं सोबत असतं. वेचणीला जातात, पण अर्धा दिवस.

वेगळं काय करता आलं असतं

सात-आठ महिने वाचले असते तर गाठ बहुधा जांघेपर्यंत पोचायच्या आत सापडली असती. चाळिशीपुढच्या बाईच्या शौचातून रक्त जात असेल तर बोटाने तपासल्याशिवाय मूळव्याध म्हणू नये. ग्रामीण रुग्णालयात महिला डॉक्टर कोणत्या दिवशी असतात हे आशाताईंनी घरोघर सांगितलं तरी पुष्कळ होईल.

निदान सांगताना तुकडा कोणत्या जागेचा आणि पेशी कोणत्या जातीच्या, हे मराठीत लिहून दिलं असतं तर ऑपरेशनची तारीख ठरलीच नसती. मोठ्या निर्णयाआधी सर्जन, किरणतज्ज्ञ आणि केमोतज्ज्ञ यांनी एकत्र फाइल पाहायला हवी. मोठ्या केंद्रांत ट्यूमर बोर्ड असतो. त्यात आपली फाइल ठेवा, असं घरचे लोक सांगू शकतात.

आणखी एक गोष्ट राहून गेली आणि तिची मला खंत वाटते. किरणांनी योनिमार्ग आखडतो. उपचार संपल्यावर डायलेटर, म्हणजे मार्ग मोकळा ठेवण्यासाठी आत घालायचं गुळगुळीत नळीसारखं साधन, वापरला तर ते कमी व्हायला मदत होऊ शकते, पण त्याबद्दल मावशींना कुणीच वेळेवर सांगितलं नाही. पन्नाशीपुढच्या बाईला हे काय विचारायचं, असं गृहीत धरलं गेलं. नंतरच्या तपासण्या त्यामुळे फार दुखऱ्या झाल्या आणि नवरा-बायकोत एक अबोला आला, तो सुनेमार्फत माझ्यापर्यंत पोचला. डायलेटर उशिरा सुरू झाला, उपयोग थोडाच झाला. तरुण बाई असती तर पाळी जाणं आणि मूल न होणं याबद्दलही किरण सुरू होण्याआधीच बोलावं लागलं असतं.

आणि पिशवीची भीती. ती टळली म्हणून आम्ही सगळे त्या विषयापासून दूर राहिलो. पण रोग परतला तर तेच ऑपरेशन बरं होण्याचा मार्ग असेल, आणि तेव्हा मावशींनी पुन्हा नकार दिला तर? म्हणून गेल्या तपासणीच्या वेळी नागपूरच्या परिचारिकेने त्यांना पिशवी हातात दिली, लावून-काढून दाखवली. मावशींनी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ही लावून निंदाले वाकता येते का. परिचारिका म्हणाली, जखम पूर्ण भरल्यावर येतं, फक्त जड ओझं उचलायचं नाही, नाहीतर तिथे हर्निया होतो.